सालाबादची सफेदी

पुण्याच्या जुन्या पेठांतील एखाद्या वाड्याची दर्शनी भिंत दुरुस्तीला निघाली, की आहे त्या गिलाव्यावरच रंगाचा एक हात फिरवून निभावून न्यावे, की सगळा गिलावा खरवडून नवा चढवावा, हा प्रश्न हटकून उभा राहतो. आणि त्यावर भाऊबंदांचे एकमत होईपर्यंत आणखी दोन पावसाळे भिंतीत मुरतात. पेशवाईतील घरधन्याला हा पेच अशा स्वरूपात पडत नसावा, असे मला वाटते. तो आपल्याहून अधिक शहाणा होता असे नव्हे. परंतु त्याच्या भिंतीचा बाह्य थर मुळी झिजण्यासाठीच घातलेला असे, आणि जे झिजायचे ते सालाबादप्रमाणे भरून काढण्याची तजवीज घराच्या रीतिभातीतच होऊन गेलेली असे.

घाटावरच्या वाड्याची घडण सर्वसाधारणपणे ठरलेली होती. खाली काळ्या फत्तराचे जोते, त्यावर खांबांचा आणि तुळयांचा लाकडी सांगाडा, सांगाड्याच्या पोटात ऐपतीप्रमाणे भाजक्या विटा किंवा पांढरी माती, आणि या सर्वांवर चुन्याचा गिलावा. मराठी राज्याच्या बारा महालांत ‘इमारत’ हा एक स्वतंत्र महाल होता; सामान्य गृहस्थाचा इमारत महाल म्हणजे ओळखीचा एक गवंडी, त्याचे दोन गडी आणि चुन्याचा हौद.

देशावर चुना भाजणे हा लोणारी मंडळींचा पिढीजात धंदा. ओढ्याकाठी आणि काळ्या रानात सापडणारे चुनखडीचे खडे वेचून ते भट्टीत कोळशाशी थरावर थर रचून पेटवीत. उष्णता नऊशे अंशांच्या घरात पोचली म्हणजे खड्यातील कर्बवायू निघून जाई, आणि खडा निर्भेळ असेल तर शंभर शेरांतून छप्पन शेर कळीचा चुना हाती येई. कोकणात व गोव्यात खड्यांऐवजी शिंपल्या भाजीत. बाकी क्रिया तीच. पाण्यात पडताच उसळणारी, वाफा सोडणारी ही कळी विरवून मुरत ठेवीत, आणि पुढे वाळू किंवा विटांची सुरखी मिसळून ती घाणीत मळीत. वाटोळा दगडी चर, त्यातून फिरणारे दगडी चाक आणि चाकाला जुंपलेला बैल किंवा रेडा, एवढाच घाणीचा संसार. मळताना कोणी गुळाचे पाणी घाली, कोणी हिरड्याचा काढा, कोणी बेलफळाचा गर, कोणी तागाचे बारीक तुकडे. आणि आपलाच पाठ तेवढा खरा, असे मानण्यात हे गवंडी वैद्यांच्याही वरताण होते. भिंतीवर चढलेला हा चुना भट्टीत गमावलेला कर्बवायू हवेतून सावकाश परत शोषून घेतो आणि कालांतराने पुन्हा चुनखडीच होतो. त्याला घाई खपत नाही, हा त्याचा मोठा गुण आणि, पुढे दिसेल त्याप्रमाणे, त्याच्या नाशाचे कारणही.

पाऊस उघडून भिंती वाळल्या, की दसरा-दिवाळीच्या तोंडावर सफेदीचे काम निघे. चुना कापडातून गाळून घ्यायचा, धरून राहावा म्हणून त्यात डिंक किंवा सरस घालायचा, पिवळेपणा मारण्यासाठी चिमूटभर नीळ. रंगच हवा असेल तर गेरू, पिवडी किंवा हिरमुंजी. पण कुंचा बुडवण्याआधी जाणता गवंडी बोटाच्या पेराने भिंत वाजवीत या टोकापासून त्या टोकापर्यंत जाई. भरीव नाद आला तिथे नुसती सफेदी. पोकळ बोलली तिथे गिलावा विटेपासून सुटलेला. तेवढाच भाग काढायचा, कडा पाण्याने चिंब भिजवायच्या आणि नवे ठिगळ आठ-दहा दिवस ओले राखायचे. अवघी भिंत सोलण्याचा प्रसंग क्वचितच येई.

या घरगुती व्यवहारात सरकारचा हात शिरला तो १८९७ साली. आदल्या वर्षी मुंबईत उद्भवलेला प्लेग पुण्यात पसरला, रँड या इंग्रज अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी नेमली गेली, आणि गोऱ्या सोजिरांकडून घरोघर झडती घेऊन संशयित घरे औषधी पाण्याने धुण्याचा व चुन्याने सारवण्याचा क्रम सुरू झाला. जो चुना सणाच्या निमित्ताने आपण होऊन भिंतीला लावायचा, तोच देवघर-स्वयंपाकघर न पाहता हुकमाने फासला जाऊ लागला. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली, त्यामागचा संताप अर्थात चुन्याचा नव्हता. पण त्या संतापाच्या तपशिलात चुन्याची बादलीही होती.

पोर्टलंड सिमेंटचे विलायती पेटंट १८२४ चे. पोरबंदरच्या कारखान्यातून देशी माल निघू लागला तो १९१४ मध्ये, आणि १९३६ साली अनेक कंपन्यांच्या एकीकरणातून ए.सी.सी. उभी राहिली. भट्टी नको, हौद नको, रेडा नको. पोते फोडा, कालवा, लावा, आणि दुसऱ्या दिवशी थर घट्ट. नव्या काँक्रीटच्या इमारतींना हे साहित्य शोभले, याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती जुन्या चुन्याच्या भिंतीला सिमेंटचे चिलखत चढवण्याबद्दल. मऊ वीट आणि चुना जोत्यातून चढणारी ओल बाहेर टाकीत असतात. सिमेंटचा घट्ट थर ती वाट अडवतो. मग क्षार विटेच्या तोंडाशी साचतात, भिंतीला लोणा लागतो, वीट पिठासारखी भुरभुरते, आणि भिंतीच्या पोटात दडलेला सागवानी खांब बाहेरून काहीही न दिसता बुडाशी कुजू लागतो. दहा-पंधरा वर्षांनी गिलाव्याचा पापुद्रा एकसंध खाली येतो, तो विटेचे तोंड घेऊनच.

सालाबादची रीत मोडली ती मात्र केवळ सिमेंटमुळे नव्हे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, तेव्हा ज्या वाड्याचे भाडे जुन्याच दराने यायचे त्यावर दरसाल गवंडी लावण्याची मालकाला इच्छा उरली नाही. भिंत मालकाची म्हणून भाडेकरूही स्वस्थ राहिला. त्यातच १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. नदीकाठच्या पेठांतून पुराचे पाणी ओसरले तेव्हा मातीच्या आणि कच्च्या विटांच्या कितीतरी भिंती बसलेल्या होत्या, आणि त्या जागी जे उभे राहिले त्यात चुन्याचा संबंध बहुधा फक्त आतल्या पांढऱ्या रंगापुरता होता.

आज जो वाडा शिल्लक आहे त्याच्या धन्याने प्रथम भिंत वाजवून पाहावी. खाली चुनाच असेल आणि नाद भरीव असेल, तर वरचा तैलरंग उतरवून पुन्हा चुना देणे पुरते. सिमेंट घट्ट बसले असेल तर हट्टाने काढू नये, कारण ते निघताना विटेची कातडी सोलून निघते. सुटलेले तेवढे काढावे आणि जोत्यालगतची हात-दीड हात पट्टी तरी चुन्याची करून ओलीला वाट द्यावी. चुन्याचे काम करायचे ठरलेच, तर ते पाऊस संपल्यावर काढावे आणि पुढल्या वर्षीच्या सफेदीचा खर्च त्याच अंदाजपत्रकात धरावा. तो धरायची तयारी नसेल, तर गवंड्याला बोलावण्यापूर्वी भाऊबंदांनी आणखी एकदा बसून बोललेले बरे.