हिब्रू पाठ, मराठी अर्थ : बेने इस्राएल मुलांच्या धर्मशिक्षणाचा एक टप्पा

भाषांतराच्या इतिहासात धार्मिक ग्रंथांची भाषांतरे बहुधा प्रौढ वाचकाच्या संदर्भात तपासली जातात. मूळ ग्रंथाचा आशय कितपत उतरला, कोणती परिभाषा घडली, कोणत्या पंथीय वादांना तोंड फुटले, हे प्रश्न तेथे मध्यवर्ती असतात. परंतु एखाद्या समाजाला आपली धर्मभाषाच नव्याने शिकावी लागते, तेव्हा भाषांतराचा पहिला वाचक प्रौढ नसून मूल असते. कोकणातून मुंबईत आलेल्या बेने इस्राएल समाजाच्या एकोणिसाव्या शतकातील धर्मशिक्षणाकडे या दृष्टीने पाहणे उद्बोधक ठरते. या समाजाची मुले हिब्रू शिकली ती मराठीच्या आधाराने. आणि त्या शिकण्यामुळे घरात पिढ्यान्‌पिढ्या बोलली जाणारी मराठीतील एक धर्मपरिभाषा हळूहळू मागे पडली. लाभ आणि हानी या दोहोंचा हा एकत्रित इतिहास आहे.

कुलाबा जिल्ह्याच्या किनारपट्टीवर तेल गाळण्याचा व्यवसाय करणारा आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारा हा समाज 'शनवार तेली' या नावाने ओळखला जाई. सुंता, शब्बाथ, आहाराचे काही निर्बंध आणि 'शेमा' या प्रार्थनेचे आरंभीचे वचन एवढा धर्माचा ठेवा त्याने जपला होता. समाजाच्या परंपरेनुसार दाविद राहबी नावाच्या पुरुषाने या लोकांना ओळखले, तीन कुटुंबांतील निवडक व्यक्तींना हिब्रू शिकवले आणि त्यांच्याकडे धर्मकृत्यांचे काम सोपवले. यांनाच 'काजी' म्हणत. राहबीच्या काळाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. तथापि, पुनरुज्जीवनाचा आरंभ शिकवण्याच्या कृतीने झाला असे समाजाने स्मरणात ठेवावे, ही गोष्ट महत्त्वाची आहे. शेमाच्या वचनानंतर ग्रंथात लगेच येणारी आज्ञाही हीच आहे : ही वचने मुलांना शिकवावीत, घरी बसता, वाटेने चालता, निजता आणि उठता त्यांविषयी बोलावे.

शाळेपूर्वी हे शिक्षण घरात होत असे आणि त्याची भाषा सर्वस्वी मराठी होती. सणांची नावेच पाहावीत. वर्षारंभाचा तो 'नव्याचा सण'. प्रायश्चित्ताच्या दिवशी घराची दारे लावून घेत, म्हणून तो 'दारफाळणीचा सण'. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन म्हणजे 'बिरड्याचा रोजा', कारण त्या दिवशी मोड आलेल्या वालांचे बिरडे होई. पेसाह या सणाला 'अनाशी ढाकाचा सण' म्हणत. आंबट पदार्थ साठवण्याचे भांडे त्या दिवसांत झाकून ठेवले जाई. आंबवलेले अन्न वर्ज्य करण्याचा मूळ नियम येथे कृतीतून टिकून होता. इजिप्तमधून सुटकेची कथा मात्र त्या नावात कोठेही नव्हती. मूल धर्म शिकत होते ते स्वयंपाकघरात, आईच्या आणि आजीच्या हाताखाली. त्याला विधी ठाऊक होता, विधीमागची कथा ठाऊक नव्हती.

सन १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी मुंबईत मांडवी भागात 'शार हारहमीम' हे सिनेगॉग बांधले. समाज आपल्या प्रार्थनागृहाला 'मशीद' आणि प्रार्थनेला 'नमाज' म्हणे. शेजारच्या मुसलमान समाजाकडून आलेली ही परिभाषा होती. प्रार्थनागृह उभे राहिले तरी त्यातील पाठ चालवण्यासाठी हिब्रू वाचणारी माणसे हवी होती आणि ती प्रथम कोचीनहून आली. कोचीनच्या ज्यूंनी पाठाची पद्धत, उच्चार आणि सेफार्दी प्रार्थनाक्रम दिला. मुलांनी अक्षरे ओळखून पाठ म्हणावा, एवढ्यापर्यंतची ही वाट होती. अर्थ सांगायचा तर तो मराठीतच सांगावा लागणार होता आणि त्यासाठी लागणारी साधने कोचीनकडे नव्हती.

ती साधने ख्रिस्ती मिशनऱ्यांनी पुरवली, हा या इतिहासातील सर्वांत विचारप्रवर्तक भाग होय. अमेरिकन मिशनच्या मुंबईतील शाळांत बेने इस्राएल मुले शिकत आणि त्या समाजातील शिक्षकही तेथे काम करीत. कोचीनचा, ख्रिस्ती झालेला ज्यू मायकेल सार्गन यानेही १८२० च्या दशकात मुंबईत या मुलांना हिब्रू शिकवले. सन १८२९ मध्ये मुंबईत आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये बेने इस्राएलांसाठी मराठीतून हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे प्रसिद्ध केली. या सर्व उद्योगामागील हेतू उघड होता : आपल्या ग्रंथातील भविष्यवचने स्वतः वाचता येऊ लागली की हा समाज ख्रिस्ताकडे वळेल, अशी मिशनऱ्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात धर्मांतरे अगदी थोडी झाली. व्याकरण हाती आल्यावर मुलांना त्यातून मिशनऱ्यांच्या निष्कर्षापर्यंत जाण्याची सक्ती नव्हती. त्या मुलांनी तेच व्याकरण सिनेगॉगमध्ये नेले.

मराठी बायबलच्या बाबतीत हा व्यवहार अधिक गुंतागुंतीचा होता. पेसाह या एकाच सणासाठी आता तीन शब्द परस्परांशेजारी आले : घरातला 'अनाशी ढाकाचा सण', मराठी बायबलमधला 'वल्हांडण' आणि पाठातला 'पेसाह'. पहिला शब्द कृती सांगतो, दुसरा हिब्रू शब्दामागील 'ओलांडून जाणे' हा अर्थ मराठी क्रियापदात आणतो, तिसरा जगभरच्या ज्यूंशी नाते जोडतो. शिकलेल्या मुलाच्या तोंडी तिसरा शब्द बसू लागला, आणि पहिल्या शब्दाकडे अज्ञानाच्या काळातील अवशेष म्हणून पाहिले जाऊ लागले.

शतकाच्या उत्तरार्धात हे शिक्षण समाजाच्या स्वतःच्या हाती आले. हाईम सॅम्युएल केहिमकर (१८३०–१९०९) यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये मुंबईत इस्राएली शाळा सुरू झाली. पुढे तीच माझगावच्या सर एली कदूरी हायस्कूलच्या रूपाने ओळखली गेली. तेथे इंग्रजी, मराठी आणि हिब्रू एकाच छपराखाली आल्या. मुंबई विद्यापीठाने हिब्रूला अभिजात भाषा म्हणून अभ्यासक्रमात स्थान दिल्यामुळे तिला ऐहिक मूल्यही लाभले. ब्राह्मण विद्यार्थ्याला संस्कृत आणि मुसलमान वा पारशी विद्यार्थ्याला फारसी ज्या अर्थी उपयोगी पडे, त्याच अर्थी बेने इस्राएल विद्यार्थ्याला हिब्रू उपयोगी पडू लागली. जोसेफ इझिकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) यांच्या ठायी हे दोन्ही प्रवाह एकवटले होते. मुंबईच्या डेव्हिड ससून संस्थेच्या शाळेचे मुख्याध्यापक, विद्यापीठाचे हिब्रू परीक्षक आणि सेफार्दी प्रार्थनाग्रंथांचे मराठी भाषांतरकार, या त्यांच्या तिन्ही भूमिका परस्परपूरक होत्या.

या संदर्भात 'हगादा'ची मराठी भाषांतरे विशेष लक्षणीय आहेत. हिब्रू-मराठी हगादा मुंबईत १८४६ मध्ये शिळाप्रेसवर निघाली आणि १८७४ मध्ये पुण्यात छापली गेली. पुण्याच्या प्रतीत साडी नेसलेल्या स्त्रिया बेखमीर भाकरी करताना चित्रित केल्या आहेत. हगादा हा मुळातच मुलासाठी रचलेला विधी आहे. घरातील सर्वांत धाकट्याने विचारायचे आणि वडिलांनी कथा सांगायची, अशी त्याची घडण आहे. चार पुत्रांच्या प्रसंगात तर शहाणा, उद्धट, भोळा आणि प्रश्नच न सुचणारा अशा चार प्रकारच्या विद्यार्थ्यांना वेगवेगळे उत्तर द्यावे, असा अध्यापनाचा विचारच आहे. मराठी हगादेने घरातल्या विधीला हरवलेली कथा परत दिली. भाकरी थापणारी स्त्री आणि प्रश्न विचारणारे मूल एका पुस्तकात आले. घरातले शिक्षण आणि सिनेगॉगमधले शिक्षण यांची सांगड येथे बसली. १८८० च्या सुमारास सुरू झालेल्या बेने इस्राएल कीर्तनांनीही हेच कार्य केले. योसेफ, मोशे, एस्तेर यांची आख्याने हरिदासी पद्धतीने ऐकणाऱ्या मुलाला कथा परकी वाटण्याचे कारण उरले नाही.

१९४८ नंतरच्या स्थलांतराने या व्यवस्थेचा आधारच बदलला. त्या सुमारास वीस हजारांच्या आसपास असलेल्या या समाजाचा मोठा भाग इस्राएलला गेला. २०११ च्या जनगणनेत संपूर्ण भारतातील ज्यूंची संख्या साडेचार हजारांच्या आसपास होती. तेथे जन्मलेल्या मुलाला हिब्रू ही शाळेची आणि रस्त्याची भाषा झाली. त्याला पाठाच्या अर्थासाठी मराठीची गरज राहिली नाही. मुंबईत राहिलेल्या मुलांच्या शिक्षणात इंग्रजीने तीच जागा घेतली.

यावरून भाषांतराच्या अभ्यासाला एक प्रश्न विचारता येतो. मध्यस्थ भाषेचे काम संपले की तिच्यात घडलेल्या वाङ्मयाचे वाचक कोण? राजपूरकरांचे प्रार्थनाग्रंथ, मराठी हगादा आणि कीर्तनांच्या संहिता आज सिनेगॉगला विशेष लागत नाहीत, आणि मराठी वाङ्मयेतिहासानेही त्यांना क्वचितच आपले मानले आहे. 'बिरड्याचा रोजा' हा शब्द ज्या मुलांनी ऐकला, त्यांच्यासाठीच हे ग्रंथ रचले गेले होते. त्यांची नोंद मराठी भाषांतराच्या इतिहासात व्हावयाची असेल, तर त्या शब्दापासूनच आरंभ करावा लागेल.