जुना कान, नवी चाल

गेल्या वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनाची तयारी चालू होती. नववीच्या एका विद्यार्थ्याने उर्दूच्या पुस्तकातील एका नज्मला स्वतः चाल लावून आणली. बाकावर ठेका धरत त्याने ती म्हणून दाखवली. मी लगेच बोलून गेलो, "बेटा, ही तर कुठल्यातरी जुन्या गाण्याची चाल आहे."

"कोणत्या, सर?" त्याने विचारले.

मला सांगता आले नाही. त्याने संमेलनात नाव दिले नाही. मी घरी येऊन ते गाणे खूप शोधले, सापडले नाही. तेव्हापासून एक प्रश्न मनात आहे. नव्या संगीतात खरेच नवे काही उरलेले नाही, की माझा कान म्हातारा झाला?

१९९२ साली 'रोजा' आला, तेव्हा आम्ही पोरे त्या गाण्यांनी वेडी झालो होतो. ए. आर. रहमान यांचे ते पहिलेच मोठे काम, आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. अब्बा मात्र म्हणायचे, "ही मौसिकी नाही, मशीन आहे." त्यांचा जीव रेडिओ सिलोनवरच्या गाण्यांत अडकलेला होता.

पण अब्बांच्या त्या गाण्यांनाही एकेकाळी हेच ऐकावे लागले होते. १९५२ मध्ये बा. वि. केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. ते मराठी, शास्त्रीय संगीताचे जाणकार. चित्रपटगीते त्यांना उथळ आणि पाश्चात्त्य चालींच्या आहारी गेलेली वाटत. आकाशवाणीवर ही गाणी आधी कमी झाली, मग जवळजवळ बंद पडली. श्रोत्यांनी सुई सिलोनकडे फिरवली. त्याच वर्षी तिथे अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सरकारलाच विविध भारती सुरू करावी लागली. ज्या वर्षांना आज आपण हिंदी गाण्यांचा सुवर्णकाळ म्हणतो, ती हीच वर्षे.

केसकरांना जे शास्त्रीय संगीत जपायचे होते, त्यातला ख्याल तरी कुठे मुळापासून मानाचा होता? अठराव्या शतकात मुहम्मदशाह रंगीलेच्या दरबारात नियामत खाँ 'सदारंग' यांनी ख्यालाला बहर आणला. तेव्हा मान ध्रुपदाला होता, ख्याल हलका समजला जाई. सदारंगांनी आपल्या घरात ध्रुपदच ठेवले आणि ख्याल शिष्यांना दिला, असे सांगतात. आज तोच ख्याल आपल्याला परंपरा वाटतो.

मग अस्सल म्हणायचे कशाला? मला मिरजेचे उस्ताद अब्दुल करीम खाँ आठवतात. जन्म कैरान्याचा, पण आयुष्याची शेवटची वर्षे मिरजेत गेली. दक्षिणेत मैफली करताना त्यांनी कर्नाटक संगीत मन लावून ऐकले आणि तिथली सरगम आपल्या ख्यालात आणली. म्हणजे ती उसनी होती. पण त्यांच्या गळ्यातून ती अशी उतरली की किराना घराण्याची ओळख होऊन बसली. १९३७ मध्ये ते गेले. मिरजेत ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि उरुसात आजही तिथे गायक हजेरी लावतात.

स्वर बाराच आहेत. पंधराव्या वर्षी कानात साठा थोडा असतो, म्हणून प्रत्येक चाल नवी वाटते. पंचेचाळिशीत तीच चाल आत साठलेल्या कशाला ना कशाला जाऊन धडकते. तो दोष दर वेळी चालीचा नसतो. मात्र चोरीही असते. जुना मुखडा जसाच्या तसा उचलून, खाली ठोके घालून 'नवे गाणे' म्हणून विकले जाते. तिथे जुन्या कानाने साक्ष दिलीच पाहिजे. पण साक्षीदाराला मूळ गाण्याचे नाव सांगता आले पाहिजे. मला ते सांगता आले नव्हते.

तो मुलगा आता दहावीत आहे. मागच्या आठवड्यात मी त्याला बोलावले, माझी चूक कबूल केली आणि ती नज्म पुन्हा ऐकव म्हणालो. त्याने थोडा वेळ गुणगुणून पाहिले.

"सर," तो म्हणाला, "ती चाल आता आठवत नाही."