जिंजीहून चाललेलं राज्य

ज्यांना इअरफोन लावून ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतोय. बोलताना अडखळलो तेवढं काढलंय, बाकी आहे तसंच.

मी पालममध्ये बसून सॉफ्टवेअरचं काम करतो. टीममधले चौघं पुण्यात, दोघं बंगळूरला, मॅनेजर तिसरीकडेच. रोज सकाळी कॉल असतो, दिवसभर चॅट चालू असतं, तरी आठवड्यातून एकदा कुणीतरी विचारतंच, "पण आपल्याला नेमकं करायचंय काय?" म्हणून आज अशा एका टीमची गोष्ट, जिचा प्रमुख आठशे किलोमीटरहून जास्त लांब होता, त्यातही वेढ्यात अडकलेला. एक पत्र पोचायला आठवडे लागायचे. आणि समोर होता औरंगजेब.

साल १६८९. मार्चमध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली. रायगडाला मुघलांचा वेढा पडला. राजाराम महाराज तेव्हा जेमतेम १९ वर्षांचे. येसूबाईंचा सल्ला असा की सगळ्यांनी एकाच गडावर अडकून राहू नये, राजारामांनी बाहेर पडावं. म्हणजे स्वतः आणि लहानग्या शाहूसह त्या मागे राहिल्या. नोव्हेंबरमध्ये रायगड पडला आणि दोघंही कैद झाले. या बाईंच्या निर्णयावर एक वेगळा भाग करायलाच पाहिजे, आज फक्त नमस्कार करून पुढे जातो.

राजाराम महाराज प्रतापगड, पन्हाळा असं करत सप्टेंबरात दक्षिणेकडे निघाले. वाटेत बेदनूरच्या राणी चन्नम्मांनी मदत केली, त्याबद्दल औरंगजेबाचा रागही ओढवून घेतला. शेवटी ते जिंजीला पोचले. जिंजी म्हणजे आजच्या तमिळनाडूतला किल्ला, शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये जिंकून ठेवलेला. पुढची आठेक वर्षं मराठ्यांची राजधानी तिथे होती आणि लढाई मात्र इकडे, महाराष्ट्रात.

आता विचार करा. राजा तिकडे. खजिना रिकामा. बरेचसे किल्ले गेलेले. आपला हा गोदाकाठ तर आधीपासूनच मुघलांच्या ताब्यात. अशा वेळी इकडच्या माणसांनी कुणाचं ऐकायचं?

राजारामांनी निघण्याआधीच याचं उत्तर देऊन ठेवलं होतं. रामचंद्रपंत अमात्यांना त्यांनी 'हुकूमतपनाह' केलं. हे नुसतं मानाचं बिरूद नव्हतं. इकडचा कारभार, फौजा, किल्ले, नेमणुका यांचे निर्णय पंतांनी घ्यायचे, दरवेळी जिंजीला विचारत बसायचं नाही. हाताखाली शंकराजी नारायण आणि परशुराम त्र्यंबक. तिकडे जिंजीत राजाजवळ प्रल्हाद निराजी, त्यांच्यासाठी 'प्रतिनिधी' हे नवं पद काढलं. आणि संताजी घोरपडे, धनाजी जाधव ही दोघं फौजा घेऊन दोन्ही टोकांच्या मध्ये फिरती. कुठल्या प्रश्नाला कुणाकडे जायचं हे ठरलेलं होतं. परशुराम त्र्यंबकांनी १६९२ मध्ये पन्हाळा परत घेतला, तेव्हा राजा कर्नाटकापलीकडे होता. त्याच्या परवानगीची वाट बघत बसले असते तर तो पावसाळा गेला असता आणि पुढचाही.

ही सवय काही एका रात्रीत लागलेली नव्हती. पंत शिवाजी महाराजांच्या हाताखाली तयार झालेले. महाराजांचं चिपळूणकडच्या लष्करी अधिकाऱ्यांना लिहिलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. विषय काय, तर घोड्यांचा दाणा आणि गवत. पावसाळ्यासाठी साठवलेलं आत्ताच उधळू नका, नाहीतर ऐन पावसात घोडी मरतील. छावणीत गवत आहे, तिथे चुली आणि दिवे जपून, कारण उंदीर पेटती वात पळवून नेईल आणि सगळी गंजी जळेल. रयतेकडून फुकट काही उचलू नका, नाहीतर लोक म्हणतील यांच्यापेक्षा मोगल बरे. मला या पत्रात सगळ्यात भारी काय वाटतं माहितीये? तो उंदीर. राजा नुसतं 'आगीची काळजी घ्या' म्हणून मोकळा होत नाही. लांब बसलेल्या हवालदाराला डोळ्यांसमोर दिसेल असं कारण देतो. कारण कळलं की पत्रात न लिहिलेल्या प्रसंगातही काय करायचं ते त्याला सुचतं. शिवाय महाराजांच्या पत्रांच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' असा शिक्का असायचा. पत्र इथे संपलं, याखाली कुणी मनाचं काही जोडायचं नाही.

आता वेढा घालणाऱ्यांकडे बघू. मुघलांची टीमही दूरच होती बरं का. बादशहाची छावणी इकडे आणि जिंजीला जुल्फिकारखान. त्याच्या सोबत बादशहाचा मुलगा कामबक्ष आणि जुल्फिकारचा बाप, खुद्द वजीर असदखान. एका वेढ्याला तीन मोठी माणसं आणि शेवटचा शब्द कुणाचा, त्याचा पत्ता नाही. १६९२ च्या अखेरीस संताजी-धनाजी तिकडे धडकले, रसद तोडली, टपाल तोडलं. बादशहाकडून बातमी येईना. बातमी थांबली की अफवा सुरू होते. औरंगजेब मेला अशी कुजबुज पसरली. कामबक्षाने घाबरून राजारामांशीच गुपचूप बोलणी लावली. ते कळल्यावर खान बापलेकांनी काय करावं? बादशहाच्या मुलाला कैद केलं! आणि मग स्वतःच मराठ्यांशी बोलणी करून, वेढा उठवून, वांदिवाशला माघार घेतली. तोफा, पैसा, माणसं सगळं त्यांच्याकडे जास्त होतं. पण तिघांपैकी प्रत्येकाला शंका, की उरलेले दोघं नक्की कुणासाठी लढताहेत.

मग मराठ्यांकडे अशी शंका नव्हती का? होती. खूप होती. औरंगजेब मराठा सरदारांना मनसब आणि वतनं देत होता, आजच्या भाषेत काउंटर ऑफर. शिवाजी महाराजांचा कल रोख पगाराकडे होता. वतनं वाटणं त्यांना पसंत नव्हतं. पण राजारामांकडे रोख होतीच कुठे? म्हणून त्यांनी वतनं द्यायला सुरुवात केली, आणि यातलं एक कागदपत्र मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीतून उठलोच.

जून १६९१. हणमंतराव घोरपडे यांना पाच लाख होनांचा सरंजाम आणि कृष्णाजी घोरपडे यांना एक लाखाचा. पण हणमंतरावांचे पाच लाख एकदम नाहीत. रायगड प्रांत घेतला की ६२,५०० होन. विजापूर घेतलं की ६२,५००. भागानगर, म्हणजे हैदराबाद, घेतलं की ६२,५००. औरंगाबाद घेतलं की तेवढेच. आणि उरलेले अडीच लाख? दिल्ली घेतल्यावर.

दिल्ली! रायगड हातात नाही, राजा वेढ्यात, आणि कागदावर दिल्ली. आमच्या क्षेत्रात कंपनीचे शेअर असे टप्प्याटप्प्याने मिळतात, त्यामुळे मला हसूही आलं. पण नीट बघा, हा नुसता मोबदल्याचा कागद नाहीये. यात क्रम आहे. आधी आपलं गेलेलं घर, मग शेजारची मोठी ठाणी, मग शत्रूचं मूळ. कुठल्या दिशेने जायचं आणि 'काम झालं' कधी म्हणायचं, हे त्या एका कागदावर आहे. मधल्या वाटेत कुठला ओढा ओलांडायचा, कुठल्या रात्री छापा घालायचा, ते हणमंतरावांनी बघावं. माझं मत विचाराल तर त्या काळातल्या कुठल्याही लढाईइतकाच हा कागद महत्त्वाचा आहे.

पण याची किंमतही मोजावी लागली, ती लपवून चालणार नाही. दिशा सगळ्यांची एक होती, पण संताजी आणि धनाजी यांच्यात कुणी कुणाचं ऐकायचं हे कधी नीट मिटलं नाही. संताजी विलक्षण सेनापती. नोव्हेंबर १६९५ मध्ये दोड्डेरीला कासिमखानाची अख्खी फौज त्यांनी कोंडली, पुढच्या जानेवारीत हिंमतखानाला मारलं. मुघल सरदार त्यांच्या नावाने दचकायचे. पण शिस्तीला कडक, तोंडाला फटकळ, आणि राजाशीही पटेना. १६९६ मध्ये राजारामांनी त्यांचं सेनापतिपद काढून धनाजींना दिलं. मराठ्यांची फौज मराठ्यांशीच लढली. त्यात संताजींनी पकडलेल्या अमृतराव निंबाळकरांना हत्तीच्या पायी दिलं, आणि जून १६९७ मध्ये अमृतरावांचे मेहुणे नागोजी माने यांनी संताजींना एकटं गाठून मारलं. औरंगजेबाला इतक्या वर्षांत जे जमलं नव्हतं ते घरच्या भांडणाने केलं. इथे राजाराम कमी पडले असं मला स्पष्ट वाटतं. दोन मोठ्या माणसांमधली रेषा आखायची ती राजानेच, हुकूमतपनाहाच्या हातात तेवढं नव्हतं.

१६९८ च्या सुरुवातीला जिंजी पडली. पण पक्षी उडालेला होता, राजाराम निसटून महाराष्ट्रात परतले. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर ते वारले, वय तीस. औरंगजेबाला वाटलं, संपलं. पण फौजा होत्या तशाच चालत राहिल्या, कारभार ताराराणींनी हाती घेतला आणि बादशहा आणखी सात वर्षं एकेका किल्ल्यापायी झिजत राहिला. १७०७ मध्ये अहमदनगरला मेला. खुलताबादला त्याची कबर आहे, आपल्याकडच्या किती सहली वेरूळहून परतताना तिथून जातात.

रामचंद्रपंत त्यानंतरही होते. १७१५-१६ च्या सुमारास त्यांनी 'आज्ञापत्र' लिहिलं, राज्य कसं चालवावं याचं पुस्तक. त्यात किल्ले आहेत, आरमार आहे, रयतेची झाडं तिच्या मर्जीशिवाय तोडू नयेत हेही आहे. आणि वतनदारांवर एक आख्खं प्रकरण आहे, चांगलंच तिखट. हे लोक म्हणजे राज्याचे वाटेकरीच, शत्रू आला की वतन वाचवायला त्याला आधी जाऊन भेटतील, यांना दाबूनही ठेवावं आणि दुखवूही नये, असा एकंदर सूर. ज्या माणसाच्या कारभारात ती वतनं वाटली गेली, त्यानेच पंचवीस वर्षांनी हे लिहिलंय.

पुढच्या भागात ताराराणी. तोवर कुणाच्या घरी जुने मोडी कागद, सनदा वगैरे पडून असतील तर फेकू नका, फोटो काढून मोडी येणाऱ्या कुणालातरी दाखवा. भेटू.