दिव्यांगत्व प्रमाणपत्र (उच्च शिक्षणातील)

दिव्यांगत्व प्रमाणपत्र : व्यक्तीचे दिव्यांगत्व कोणत्या प्रकारचे, किती टक्के आणि कायमचे की तात्पुरते, हे सांगणारा सरकारी वैद्यकीय दाखला. महाविद्यालयातील राखीव जागा, परीक्षेतला जादा वेळ, लेखनिक (मुलांच्या बोलण्यात ‘रायटर’) अशा बहुतेक सोयींची वाट या कागदावरून जाते. कायद्याची भाषा हक्काची आहे. कचेरीत मात्र या सगळ्याला ‘सवलत’ म्हणण्याची सवय मोडलेली नाही.

भारतात याचा आधार म्हणजे दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, 2016. तो 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. 1995 च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 7 प्रकार होते, नव्यात 21 आहेत. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांतील राखीव जागा 3 वरून 5 टक्के झाल्या, वयोमर्यादा 5 वर्षांनी शिथिल झाली. राखीव जागेसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागते.

अर्ज ‘स्वावलंबन’ या केंद्रीय संकेतस्थळावर करावा लागतो. 1 जून 2021 पासून ही ऑनलाइन पद्धत सक्तीची आहे. त्यानंतर जिल्हा सामान्य रुग्णालयात, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘सिव्हिल’मध्ये, वैद्यकीय बोर्डाच्या वारी जुने कागद घेऊन हजर राहायचे. अस्थिरोगतज्ज्ञ सांध्याची हालचाल अंशांत मोजतात, कानाची तपासणी डेसिबलमध्ये होते. सगळ्याचे शेवटी टक्के होतात. प्रमाणपत्रासोबत 18 अंकाक्षरी क्रमांकाचे ओळखपत्र (यूडीआयडी) मिळते. त्याचा रंग 40 टक्क्यांखाली पांढरा, 40 ते 80 मध्ये पिवळा, त्यापुढे निळा असे 2024 च्या दुरुस्तीने ठरले. निर्णय मान्य नसेल तर अपील करता येते.

टक्क्यांचे गणित नवख्याला चकवते. एका डोळ्याची दृष्टी पूर्ण गेली आणि दुसरा डोळा ठीक असला, तर 2018 च्या मूल्यमापन सूत्रांनुसार दिव्यांगत्व 30 टक्के धरतात. म्हणजे राखीव जागा नाही. दोन दिव्यांगत्वे एकत्र असली तर त्यांची सरळ बेरीज होत नाही. मोठ्या आकड्याला ‘अ’ आणि लहानाला ‘ब’ मानून अ + ब(90 − अ)/90 हे सूत्र लावतात. 40 आणि 30 मिळून 70 नव्हे, सुमारे 57 होतात. गुडघा किती अंशांत वाकतो हे या मोजणीतून नीट कळते. तीन तासांची उत्तरपत्रिका लिहिताना नेमके काय अडते, हे कळेलच असे नाही.

हा फरक अध्ययन अक्षमतेत सर्वांत जाचतो. वाचन, लेखन किंवा आकडेमोडीतली ही अडचण बाहेरून दिसत नाही. महाराष्ट्राने 1996 मध्येच अशा शालेय विद्यार्थ्यांना परीक्षेतील सोयी दिल्या आणि मुंबईत शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय या तपासणीचे महत्त्वाचे केंद्र बनले. 2018 च्या सूत्रांनुसार प्रमाणन 8, 14 आणि 18 व्या वर्षी करायचे. 18 व्या वर्षीचे आयुष्यभर चालते. कागदावर हे सुटसुटीत वाटते. पण अठरावे वर्ष नेमके बारावी, प्रवेश परीक्षा आणि प्रवेशफेऱ्यांच्या धांदलीत येते आणि शाळेतला कागद ऐन वेळी जुना ठरतो. भाषेची अडचण आणखी वेगळी. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची ‘डाली’ ही चाचणी मराठीतही आहे, पण ती पहिली ते पाचवीसाठी. मराठी माध्यमातून शिकत पहिल्यांदाच बारावीत तपासणीला आलेल्या मुलाला तिचा उपयोग नाही.

लेखनिकाबाबत 2018 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी तासाला किमान 20 मिनिटे जादा वेळ ठरवला. तीन तासांच्या पेपरला एक तास. अंधत्व, दोन्ही हात बाधित असणे आणि मेंदूचा पक्षाघात या गटांना मागताच लेखनिक देण्याचे ठरले. इतरांना मात्र ‘लिहिण्यास शारीरिक अडचण आहे’ असा जिल्हा शल्यचिकित्सकांसारख्या अधिकाऱ्याचा स्वतंत्र दाखला जोडणे आले. म्हणजे एका प्रमाणपत्राला दुसऱ्या प्रमाणपत्राची सोबत.

लेखनिकासाठीची 40 टक्क्यांची भिंत सर्वोच्च न्यायालयाने 11 फेब्रुवारी 2021 रोजी विकाश कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या निकालात पाडली. अर्जदाराला लिहिताना हात आखडण्याचा विकार होता आणि त्याला लेखनिक नाकारला गेला होता. टक्क्यांची अट राखीव जागांसारख्या लाभांपुरती आहे, वाजवी सोयी प्रत्येक दिव्यांगाचा हक्क आहेत, असे न्यायालयाने स्पष्ट केले. त्यानंतर 10 ऑगस्ट 2022 रोजी 40 टक्क्यांखालील, पण लिहिण्यात अडचण असलेल्या उमेदवारांसाठी वेगळ्या सूचना निघाल्या. त्यातही वैद्यकीय मंडळाचा दाखला आहेच.

कागद हाती असला तरी परीक्षेच्या खोलीतल्या पर्यवेक्षकाला त्याचा अर्थ कळावा लागतो. लेखन-अक्षमता असलेल्या आणि 40 टक्क्यांचे प्रमाणपत्र जवळ असलेल्या एका विद्यार्थिनीला 2021 च्या नीट परीक्षेत जादा तास मिळाला नाही. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले. 23 नोव्हेंबर 2021 च्या निकालात न्यायालयाने तिच्यावर अन्याय झाल्याचे मान्य केले, फेरपरीक्षा मात्र दिली नाही. भरपाई कशी करायची, हे परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेने ठरवावे, असे सांगितले.