धुऱ्यावरचा लोखंडी खांब



आपल्या वऱ्हाडात शेताची हद्द धुऱ्याने ठरत आलेली आहे. दोन वावरांच्या मधली ही न नांगरलेली पट्टी. तिच्यावर गवत वाढावे, एखादी बोर-बाभूळ उभी राहावी, आणि दोन भाऊ वेगळे निघाले की तिच्यावरूनच भांडण लागावे! १८६० नंतरच्या दशकात इंग्रजांनी वऱ्हाडची मोजणी सुरू केली, तेव्हा मोजणीदारांनी हद्दीवर दगड रोवले. त्या दगडांनी मालकी सांगितली, पण गुरे काही अडवली नाहीत. कुंपण असे ते गावालगतच्या वाडीला, खळ्याला, गोठ्याला. तेही बाभळीच्या फांट्यांचे. दरसाल करावयाचे, आणि वर्षभरात निम्मे चुलीत जावयाचे. मध्ये मध्ये आधाराला लाकडी मेढी रोवलेल्या असत. दोन-चार पावसाळ्यांत त्यांना जमिनीखालून उधई लागे. वरून मेढ धडधाकट दिसे, आणि म्हशीने अंग घासले की मोडून पडे.

मग पाच-पंचवीस एकरांच्या कपाशीला, ज्वारीला राखण कोणाची? माणसाची. दिवसा गुराखी, रात्री जागल. माळ्यावर बसून गोफण फिरवणारा पोरगा हे आपले कुंपण होते. कायद्याची भिस्तही माणसावरच होती. १८७१ साली गुरांच्या आगळिकीचा कायदा झाला आणि गावोगाव कोंडवाडे आले. तुमचे जनावर दुसऱ्याच्या पिकात शिरले तर ते कोंडवाड्यात जाई आणि दंड भरून सोडवून आणावे लागे. म्हणजे जबाबदारी गुरे पाळणाऱ्याची, पीक पेरणाऱ्याची नव्हे. ज्याच्यावर जबाबदारी नाही, तो कुंपणावर पैसा कशाला घालील?

अमेरिकेच्या पश्चिम भागात अगदी उलटे होते. तिथे गुरे मोकळी सुटत, आणि पीक वाचवावयाचे तर शेतकऱ्याने स्वतः कुंपण घालावे अशी रीत होती. माणसे थोडी, माळरान अफाट आणि लाकूड दुर्मिळ. त्या गरजेतून काटेरी तार निघाली. इलिनॉय प्रांतातल्या डीकाल्ब गावच्या जोसेफ ग्लिडन या शेतकऱ्याला १८७४ च्या नोव्हेंबरात तिचे पेटंट मिळाले. दोन तारांना एकमेकींभोवती पीळ द्यावयाचा आणि त्या पिळात काटा अडकवून ठेवावयाचा, म्हणजे तो सरकत नाही, एवढीच युक्ती. गुरुजींनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हे ग्लिडनमहाशय तरुणपणी काही वर्षे शाळामास्तर होते.

तार मिळाली, पण ती बांधावयाची कशाला? तिथेही बरीच वर्षे लाकडालाच. पोलादाचा खास कुंपणासाठी घडवलेला खांब विसाव्या शतकात रुळला. अमेरिकेत टी अक्षराच्या आकाराचा, आणि ऑस्ट्रेलियात १९२६ पासून तीन पाकळ्यांचा, वाय अक्षरासारखा. हे आकार शोभेसाठी नव्हेत. त्यांचा खुलासा पुढे करतो.

आपल्याकडे लोखंडी खांब पहिल्यांदा दिसला तो शेतात नव्हे, आगगाडीच्या वाटेवर. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे भुसावळाहून मलकापूर, नांदुरा, शेगाव अशी पुढे सरकत १८६७ साली नागपूरला पोचली. १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत फाटा निघाला. त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले. खामगावच्या कपाशीचे महत्त्वच तेवढे होते. रेल्वेला हद्दीची खूण वा कुंपण करावयास सरकार भाग पाडू शकेल, असे कलम १८९० च्या रेल्वे कायद्यात आले. आणि रेल्वेजवळ लोखंडाला काय तोटा? झिजलेला रूळ कापावा, भोक पाडावे, उभा रोवावा, त्यातून तार ओवावी. फाटकाजवळ, मालधक्क्याजवळ असे रुळांचे खांब आपण सर्वांनी पाहिले आहेत. बैलगाडी आदळली तर गाडी मोडते, रूळ हलत नाही.

यावरून आपल्या लोकांच्या मनात एक समजूत घर करून बसली, की खांब मजबूत हवा तर लोखंड जाड आणि जड हवे. माझ्या मते ही समजूत फार महाग पडलेली आहे. हिशेब पाहा. मीटरला तीस किलो भरणाऱ्या रुळाचा आठ फुटी तुकडा त्र्याहत्तर किलोच्या घरात जातो. चाळीस मिलिमीटर रुंद बाजूंचा, पाच मिलिमीटर जाडीचा अँगल मीटरला तीन किलो भरतो. त्याचा आठ फुटी खांब सव्वासात किलोचा. दहापट फरक! रूळ घडवला तो इंजिनाचा भार पेलण्यासाठी. रोह्याला अडवण्यासाठी तो वापरणे म्हणजे उंदरावर तोफ डागणे होय.

मग एवढासा अँगल उभा राहतो कसा? गुरुजींनी वर्गात एक पोस्टकार्ड घ्यावे. ते सपाट उभे धरून वर खडू ठेवावा. कार्ड वाकेल. तेच कार्ड मध्ये दुमडून काटकोनात उभे करावे. आता खडूच काय, डस्टरही पेलेल. कागद तेवढाच, वजन तेवढेच, बदलला तो आकार. वाकण्याला विरोध करावयाचा तर माल मध्यभागापासून जितका दूर ठेवाल तितका तो अधिक कामाला येतो. मी इतिहासाचा माणूस. म्हणून आमच्या कॉलेजातल्या गणिताच्या सहकाऱ्याकडून आकडे करून घेतले. सव्वासात किलोच्या त्या अँगलमधले लोखंड वितळवून तेवढ्याच लांबीची गोल भरीव सळई ओढली, तर ती सुमारे बावीस मिलिमीटर व्यासाची होईल. अँगल आपल्या बाजूच्या दिशेने त्या सळईपेक्षा चार-पाच पट ताठ असतो. मात्र तिरप्या दिशेने, म्हणजे कोपऱ्याच्या आरपार, तो जेमतेम दुप्पट ताठ राहतो. त्याची ही दुबळी बाजू आहे, आणि अँगल पिळवटून पडतो तो याच दिशेने. तीन पाकळ्यांच्या ऑस्ट्रेलियन खांबात ही खोड नाही, कारण त्याचा ताठपणा सर्व दिशांना सारखा.

आता कोणी विचारील, कोंडवाडा होता, जागल होती, मग आज या खांबांची एवढी उठाठेव का? कोंडवाडा गाईगुरांसाठी होता. रोह्याला आणि रानडुकराला मालक नाही, तेव्हा दंड भरून सोडवून न्यावयास येणार कोण? १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण दिले. अंबाबरवा आणि ज्ञानगंगा ही अभयारण्ये आपल्याच जिल्ह्यात आहेत. त्यांच्या आसपासच्या गावांत हरभरा, मका, तूर घरी येईपर्यंत माणूस रात्री अंथरुणाला पाठ लावत नाही. जागलीला गडी मिळत नाही, मुले शिकावयास शहरात गेलेली. काही जण नाइलाजाने तारेत चोरून विजेचा प्रवाह सोडतात, आणि त्यात डुकराऐवजी शेजारी किंवा घरचाच माणूस दगावल्याच्या बातम्या येतात. असला मार्ग कोणीही धरू नये. म्हणून चांगला खांब उभा करणे ही आज हौस राहिलेली नाही. कर्ज काढून अँगल आणावेत आणि पाच-सहा वर्षांत ते जमिनीलगत कुजून मोडावेत, म्हणजे कुंपणानेच शेत खाल्ल्यासारखे झाले.

खांब मोडतो कुठे, हे पाहावयास कोणत्याही जुन्या कुंपणापाशी जावे. वरचा भाग शाबूत असतो, खोलवर गाडलेला तळही बहुधा बरा असतो. मोडतो तो मातीच्या तोंडाशी, वीतभर खाली-वर. गंजाला पाणी आणि हवा दोन्ही लागतात. वर हवा आहे पण ओल टिकत नाही, खोल ओल आहे पण हवा कमी. मातीच्या तोंडाशी दोन्हींची गाठ पडते. जोरही तिथेच सर्वांत जास्त येतो, कारण जनावराने वर धक्का दिला की खांब तिथूनच वाकू पाहतो.

लोखंड न गंजण्याचा दाखला म्हणून आपण दिल्लीच्या लोहस्तंभाकडे बोट दाखवतो. सोळाशे वर्षांपूर्वीचा, सात मीटर उंच, सहा टनांहून अधिक वजनाचा. त्याच्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण जास्त असल्याने पृष्ठभागावर एक पातळ संरक्षक थर धरतो, असे कानपूरच्या आय.आय.टी.तले प्राध्यापक बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिले. पण १९६१ साली पुरातत्त्व खात्याने या स्तंभाचा तळ उकरला, तेव्हा जमिनीखालच्या भागावर गंजाचे जाड पापुद्रे आढळले! जुन्या लोकांनी तळाला शिशाचा पत्रा लपेटलेला होता. अर्थ उघड आहे. मातीत लोखंडाची गत काय होते हे त्यांनाही ठाऊक होते. लोखंडाची ओळख आपल्या विदर्भालाही जुनीच. नागपूर जिल्ह्यात नायकुंड येथे १९७८ ते १९८० च्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली, ती इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमाराची मानतात.

शिशाच्या जागी पुढे जस्त आले. फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल याने १८३७ साली लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवण्याचे पेटंट घेतले. जस्ताचा गुण असा की त्याच्यावर ओरखडा गेला तरी आधी ते स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. रंगाचे तसे नाही. रंगाला एक टवका गेला की गंज आत शिरून पापुद्र्याखाली पसरतो. बाजारात तांबड्या रंगाचा हात मारलेले अँगल मिळतात. तो हात दुकानाच्या शोभेपुरता समजावा. आणि घेताना वजन करून घ्यावे. पाचची जाडी म्हणून दिलेला आठ फुटी तुकडा काट्यावर सहाच किलो भरला, तर तो चार मिलिमीटरचा आहे. लोखंड परवान्यावर मिळत असे, त्या दिवसांत मिळेल ते घ्यावे लागे. आता भिलाईचा कारखाना १९५९ पासून चालू आहे, आणि देऊळगाव राजाच्या शेजारी जालन्यात पोलादाचा मोठा धंदा उभा राहिला आहे. तेव्हा गिऱ्हाइकाने काट्याकडे पाहण्यास लाजू नये.

आपल्या मातीची गोष्ट निराळी आहे. काळी जमीन पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. चैत्र-वैशाखात खांबाभोवती बोट जाईल एवढी फट पडते, आणि मृगाचे पहिले पाणी नेमके त्या फटीतून खाली उतरते. काही वर्षे फुगणे-आक्रसणे चालले की खांब कलतो किंवा वर उचलला जातो. घरांच्या पायासाठी रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने यावर तोड काढली ती तळाशी फुगीर केलेल्या काँक्रीटच्या खांबांची. खालचा फुगवटा खोल, न हलणाऱ्या मातीत अडकून बसतो. कुंपणाला एवढे खोल जाणे परवडत नाही, पण तत्त्व घेता येते. खड्डा वर रुंद आणि खाली निमुळता आपण खणतो, तो उलटा हवा. तळाशी रुंद, तोंडाशी अरुंद, अडीच-तीन फूट खोल. काँक्रीट भरावे ते मातीच्या वर चार बोटे आणून, आणि माथा उतरता घोटावा, म्हणजे पाणी अँगलपाशी साचत नाही. काँक्रीट जिथे संपते तिथे वर-खाली वीतभर डांबर फासावे.

कोपऱ्याच्या खांबाकडे तर फारच दुर्लक्ष होते. मधल्या खांबाला फक्त तार धरून ठेवावयाची असते, ओढ सगळी कोपऱ्यावर येते. एकेका तारेला शंभर किलोचा ताण धरला तरी पाच तारांचे पाचशे किलो झाले, आणि तेही रात्रंदिवस. त्यात थंडी आली की तार आखडते. उन्हाळ्याच्या दुपारी आणि पौषातल्या पहाटेत तीस अंशांचा फरक धरला, तर शंभर मीटर तार साडेतीन सेंटिमीटरने आखूड होऊ पाहते. म्हणून कोपऱ्याला दोन्ही बाजूंनी तिरपे टेकू हवेतच, आणि टेकूच्या पायालाही काँक्रीट. मला विचाराल तर मधले खांब थोडे हलके घेऊन वाचलेला पैसा कोपऱ्यांवर घालावा.

राहता राहिला पूर्णाकाठचा खारपाणपट्टा, म्हणजे आपल्या जिल्ह्यात शेगाव-संग्रामपूरकडचा मुलूख. तिथल्या मातीतले मीठ गंजाला खतपाणी घालते आणि जस्तालाही लवकर खाऊन टाकते. तिकडच्या बंधूंनी नुसता अँगल मातीत रोवूच नये. काँक्रीट घट्ट ठासून भरावे आणि ते विहिरीच्या खाऱ्या पाण्यात न कालवता पावसाच्या वा नळाच्या गोड्या पाण्यात कालवावे. दरसाल दिवाळीनंतर, रब्बीच्या पेरणीतून हात मोकळा झाला की, खुरप्याने खांबाच्या बुडाची माती बाजूला करावी, पापुद्रा सुटला असेल तिथे खरवडावे आणि डांबराचा हात पुन्हा द्यावा. शंभर खांबांना दोन माणसांचा एक दिवस लागतो.