तीन हात, एक पाय

२००८ चा 'इप मॅन' तुम्ही कधीतरी मोबाइलवर पाहिला असेल. त्यात डॉनी येन एका लाकडी खांबासमोर उभा राहून टकटक हात चालवतो. खांबाला तीन हात आणि एक पाय, डोकं नाही. कॅन्टनीजमध्ये त्याला 'मूक यान जोंग' म्हणतात, म्हणजे लाकडी माणसाचा खांब. दक्षिण चीनच्या विंग चुन या युद्धकलेत त्यावर सराव करतात. मला मात्र या खांबाचा इतिहास मारामारीपेक्षा घर सुटण्याचा वाटतो.

आधी तो चालतो कसा ते पाहू. वरचे दोन हात छातीच्या उंचीवर, तिसरा पोटापाशी, खाली गुडघ्यात वाकलेला पाय. हात खोबणीत मुद्दाम थोडे सैल बसवतात, म्हणून तो टकटक आवाज येतो. हातपाय कडक करायला हा खांब आहे असा अनेकांचा समज असतो. खरं काम वेगळंच. खांब हटत नाही, त्यामुळे हटावं लागतं ते तुम्हाला. पाऊल चुकीच्या जागी पडलं, कोपर जरा बाहेर गेलं, की लाकूड लगेच सांगतं. माणूस जोडीदार असला तर तो भिडेखातर मागे सरकतो. लाकडाला भीड नसते.

याच्या उगमाची दंतकथा भारी आहे. शाओलिन मठातल्या एका बोळात १०८ लाकडी पुतळे होते आणि त्यांच्यातून पार झाल्याशिवाय शिष्याला बाहेर पडता येत नसे. जॅकी चॅनचा १९७६ चा 'शाओलिन वुडन मेन' याच कल्पनेवर उभा आहे. पुरावा मात्र नाही. दुसरी कथा लाल नावांतून फिरणाऱ्या कॅन्टनीज नाटकमंडळींची. त्या नावांवर विंग चुन जपलं गेलं, असं परंपरा सांगते. त्यातलं इतकं नक्की, की १८५४ मध्ये ली वेनमाओ या नटाने चिंग राजवटीविरुद्ध बंड केलं आणि त्याची शिक्षा सगळ्या नटांना भोगावी लागली. फोशान शहरातली त्यांच्या संघाची वास्तू उद्ध्वस्त झाली, कॅन्टनीज नाटकांवर बंदी आली. दंतकथा अशाच काळात वाढतात, कारण कागद जळालेले असतात.

याच फोशानमध्ये १८९३ मध्ये इप मॅन यांचा जन्म झाला. घर सधन होतं. तिथे खांब जमिनीत पुरलेला असे, अंगणातल्या झाडासारखा. १९४९ मध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आले आणि पन्नाशी ओलांडलेले इप मॅन हाँगकाँगला गेले. १९५० पासून ते हॉटेल कामगारांच्या संघटनेत शिकवू लागले. पुढे ब्रूस ली त्यांच्याकडे आला तो तिथेच, हाँगकाँगमध्ये.

पण वरच्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत खड्डा कुठे खणणार? मग खांब दोन आडव्या पट्ट्यांवर, चौकटीत टांगला गेला. या बदलाचं श्रेय इप मॅन यांना दिलं जातं. आणि इथे गंमत झाली. पट्ट्या लवचीक असल्यामुळे धक्का दिला की खांब किंचित मागे जाऊन परत येऊ लागला. पुरलेला खांब फक्त मार सोसत होता. टांगलेला उत्तर देऊ लागला. आज जगभरच्या वर्गांत दिसतो तो बहुतेक हाच. अडचणीतून निघालेली पळवाट म्हणजेच आता 'परंपरा'.

सरावाचा क्रमही स्थिर नव्हता. इप मॅन यांनी तो १०८ हालचालींचा बसवला, नंतर ११६ चा केला. खरा क्रम कोणता, यावर शिष्यपरंपरांमध्ये अजून वाद चालतात. मला त्या वादात कोणाची बाजू घ्यावीशी वाटत नाही. ज्या गुरूने स्वतः क्रम बदलला, त्याच्या नावाने तो गोठवायचा कशाला?

१९७२ च्या डिसेंबरात इप मॅन गेले. त्याच्या थोडेच दिवस आधी त्यांनी ८ मिमीच्या कॅमेऱ्यासमोर हा सराव करून दाखवला. कर्करोगाने खंगलेले, ७९ वर्षांचे. ती फिल्म आज इंटरनेटवर सापडते. एकदा नक्की बघा. सिनेमातला वेग तिथे नाही. एक किरकोळ म्हातारा शांतपणे लाकडाभोवती फिरतो, आणि प्रत्येक पाऊल बरोबर जागी पडतं.