गरोदर बाईचा रक्ताचा रिपोर्ट : कोणत्या आकड्याला घाबरायचं, कोणत्याला नाही

गोंदिया : दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची तपासणी होते. रिपोर्टचा कागद घरी आला की सगळे मिळून तो वाचतात. आमच्या पुतणीच्या पांढऱ्या पेशी १३ हजार निघाल्या, तर घरात इन्फेक्शन झालं म्हणून रडारड. तसं काही नव्हतं. कागदावर छापलेली 'नॉर्मल' रेंज साध्या माणसाची असते. गरोदरपणात पांढऱ्या पेशी १५-१६ हजारांपर्यंत जातात, कळा सुरू झाल्यावर त्याहून जास्त. सोबत ताप किंवा लघवीला जळजळ असेल तर मात्र गोष्ट वेगळी.

हिमोग्लोबिनचं उलटं आहे. गरोदरपणात रक्तातलं पाणी ४० ते ५० टक्के वाढतं, लाल पेशी मात्र २० ते ३० टक्केच. वरणात पाणी जास्त झाल्यासारखं. म्हणून आकडा थोडा उतरतोच. पण ११ च्या खाली गेला तर तो रक्तक्षय, आणि ७ च्या खाली गंभीर. तिथे दवाखान्यात भरती लागते. "पोटात बाळ आहे, रक्त कमी होणारच" म्हणून ८ वर बसून राहू नका. चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. चहासोबत घेऊ नये. शौच काळी होते, त्याला भिऊन गोळ्या कोठीत टाकू नका. आपल्या जिल्ह्यात सिकलसेल आहे, म्हणून ती तपासणी नवरा-बायको दोघांनीही करावी. सिकलसेल असेल तर गोळ्या डॉक्टरांना विचारूनच.

प्लेटलेट शेवटच्या महिन्यांत दीड लाखाच्या थोड्या खाली येतात, बाळंतपणानंतर भरून निघतात. लाखाच्या खाली गेल्या, किंवा सोबत ताप, वाढलेला बीपी, डोकेदुखी, पोटाच्या वरच्या भागात दुखणं असेल तर थांबू नका. मलेरिया, डेंग्यूतही प्लेटलेट पडतात.

आता जे साध्या रिपोर्टात दिसत नाही ते. दिवस भरल्यावर गर्भाशयात मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त फिरते. वार सुटली की ते थांबलं पाहिजे, म्हणून शरीर रक्त गोठवणारे घटक आधीच वाढवून ठेवते. त्यानेच बाई वाचते. पण त्यामुळेच पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोकाही वाढतो, आणि सगळ्यात जास्त तो बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत. म्हणजे जवळपास आपला सव्वा महिना! नेमकं तेव्हाच आपण बाळंतिणीला बाजेवर झोपवून ठेवतो, पाणीही मोजून देतो. सासूबाई रागावतील, पण डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर तिला तहान लागेल तेवढं पाणी द्या, घरातल्या घरात चालू द्या. सिझर झालं असेल तर डॉक्टर सांगतील तेव्हापासून.

दोन्ही पायांवर थोडी सूज बऱ्याच जणींना येते. एकच पाय सुजला, पोटरी दुखते, गरम लागते, किंवा अचानक दम लागून छातीत दुखते, तर तेलमालीश करू नका. १०८ ला फोन लावा.